तीन कादंबऱ्या, दोन वर्षं, मग राजीनामा: ध्येय असं ठरवावं का?

घणसोलीकर
शुक्रवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, अधूनमधून कथा टाकतो. सल्ला मागायला धागा मात्र पहिल्यांदाच काढतोय.

मला पूर्णवेळ कादंबरीकार व्हायचंय. वय छत्तीस. ऐरोलीला आयटीत नोकरी. घर घणसोली गावात, वडिलोपार्जित, त्यामुळे डोक्यावर हप्ता नाही. बायको कोपरखैरण्याला शाळेत शिकवते, मुलगी पहिलीत आहे, आई आमच्याकडेच असते.

ध्येय असं बांधलंय: येत्या दोन वर्षांत तीन कादंबऱ्या. प्रत्येकी ऐंशी हजार शब्द, एकूण दोन लाख चाळीस हजार. तिसरीचा पहिला खर्डा संपला की राजीनामा.

तिन्हींचा विषय एकच, एका आगरी घरातल्या तीन पिढ्या. पहिली १९७० नंतरची, नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि जमिनी गेल्या तेव्हाची. दुसरी १९८४ची, त्या जमिनींसाठी जासईला झालेल्या शेतकरी आंदोलनाभोवतीची. तिसरी आजची, विमानतळ सुरू झाल्यानंतरची, गावठाणात भिंतीला भिंत लावून उभ्या राहिलेल्या इमारतींत वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाची. भातशेती, मिठागर, खाडीवरचे बांध हे आजीच्या बोलण्यात रोज यायचं. माझ्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नाही. हे माझ्याकडून लिहून व्हायलाच हवं असं फार वाटतं.

तर प्रश्न असा, की ध्येय आकड्यांत बांधावं का? ज्यांनी मोठं काही लिहून तडीस नेलंय त्यांनी लक्ष्य कशाचं ठेवलं होतं, शब्दांचं, तासांचं की तारखेचं? आणि राजीनामा त्यात गुंफावा का?

कळव्याची_वैदेही
शुक्रवार, रात्री ११.२४

विषय वाचूनच अंगावर काटा आला. बाकी सल्ले जाणकार देतील. मी आपली पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) लिहून रांगेत पहिली उभी राहते.

हिशेबनीस
शनिवार, सकाळी ७.०५

आधी भागाकार करू. दोन लाख चाळीस हजार भागिले ७३० दिवस, म्हणजे रोजचे ३३० शब्द. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून एकेक जण रोज याहून जास्त लिहितो. (हलकेच घ्या.) तेव्हा शब्दांचा आकडा दिसायला मोठा असला तरी तुमची अडचण तिथे नाही.

अडचण पुढे आहे. ऐंशी हजार शब्दांचं पुस्तक २९० पानांच्या आसपास जाईल. किंमत ४०० रुपये धरू. मानधन छापील किमतीच्या दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे ४० रुपये. पाचशेची आवृत्ती असेल आणि ती पूर्ण संपली तर वीस हजार. तिन्ही पुस्तकांचे मिळून साठ हजार, तेही काही वर्षांत विभागून. जुन्या करपद्धतीत लेखकाला पुस्तकांच्या मानधनावर तीन लाखांपर्यंत वजावट मिळते. मराठी कादंबरीकाराला ती मर्यादा ओलांडायची वेळ आली तर पेढे मी वाटेन.

तुम्हाला नाउमेद करायला हे लिहीत नाही. राजीनाम्याची अट खर्ड्याला बांधू नका, एवढंच सांगायचंय. खर्डा झाल्याने घरात एक रुपयाही येत नाही. राजीनाम्याची अट वेगळी लिहा: दोन वर्षांचा घरखर्च बाजूला पडला, कंपनीच्या विम्यावर असलेल्या आईचा आरोग्यविमा वेगळा काढला, आणि लेखनातून येणारा कुठला तरी एक पैसा, अनुवादाचा असो की श्राव्य मालिकेचा, सलग वर्षभर आला. आईच्या विम्याचं आजच बघा. वय वाढल्यावर नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी थांबावं लागतं, आणि नोकरी सोडल्यावर ते लक्षात येऊन उपयोग नाही.

रात्रपाळी
शनिवार, सकाळी ७.४०

मी ठाणे-पनवेल लोकलमध्ये लिहितो, फोनवर बोलून. शनिवारी गाडीत मोकळी जागा असते तेव्हा तर एक अख्खा प्रसंग उतरतो. फक्त एक सांभाळा. परवा घरी येऊन वाचतोय तर नायिका म्हणते, 'तू मला कधी विचारलंसच नाहीस पुढील स्टेशन रबाळे.'

कळव्याची_वैदेही
शनिवार, सकाळी ७.४६

@रात्रपाळी, ते तसंच ठेवा. त्या नायकाला खरंच रबाळ्याला उतरवायला हवं.

मुद्रितशोधक_नौपाडा
शनिवार, सकाळी १०.१५

घणसोलीकर, मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. आधी खिळ्यांची, मग संगणकावरच्या जुन्या श्रीलिपी फाँटची, आता युनिकोडची. कादंबऱ्या लिहिल्या नाहीत, पण त्या लिहिणाऱ्यांचे कच्चे कागद भरपूर पाहिले, त्या अधिकारात बोलतो.

तुमच्या ध्येयात पुनर्लेखनाला जागाच नाही. ऐंशी हजार शब्द म्हणजे डेमी आकारात २८८ पानं, सोळा पानांचा एक असे अठरा फॉर्म. पहिला खर्डा झाल्यावर कागद छापून काढा. पडद्यावर चूक दिसत नाही. मग मोठ्याने वाचा. संवाद खोटा असेल तर जीभ अडखळते आणि डोळा खुशाल पुढे जातो. हे एक वाचन नीट करायचं तर रोजची दहा-बारा पानं होतात, म्हणजे महिना गेला. त्यावरून दुसरा खर्डा करायला निदान चार-पाच महिने. मग तो बाहेरच्या दोघातिघांना वाचायला द्यायचा, त्यांच्या सवडीने परत यायची वाट बघायची. मग प्रकाशकाकडे. तिथलं उत्तर यायला सहा महिने धरा. स्वीकारलं तरी मांडणी, मुद्रितं, मुखपृष्ठ. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये किंवा उलट नेताना रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात, त्यासाठी आणखी एक वाचन.

तेव्हा दोन वर्षांत तीन खर्डे होतील, पुस्तक कदाचित एकही होणार नाही. खर्डा हे ध्येय ठेवायचं की पुस्तक, हे आधी ठरवा. माझं मत विचाराल तर पहिली कादंबरी छापायला जाईपर्यंत दुसरीची फक्त टिपणं काढा.

निवडुंग
शनिवार, सकाळी ११.३०

काकांशी सहमत, आणि त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन की आकडा हवाच कशाला? कादंबरीतला माणूस आपल्या मनात नीट राहायला यावा लागतो, त्याला वेळ लागतो. रोजचे ३३० शब्द भरायचे म्हणून लिहिलेली प्रकरणं नंतर लगेच ओळखू येतात. त्यात सगळे सारखे उठतात, चहा पितात, खिडकीतून पाऊस बघतात.

दुसरं, पहिली कादंबरी लिहिण्याआधी तिसरीचा आराखडा पक्का करणं मला धोक्याचं वाटतं. पहिली लिहिताना कळेल की खरी गोष्ट त्या आजीची आहे, किंवा अशा एखाद्या चुलत्याची, जो आता तुमच्या मनातही नाही. मग बाकीच्या दोन कोसळतील. त्यांना कोसळायला मोकळीक हवी.

पारसिक
शनिवार, दुपारी १२.१०

@निवडुंग, अर्धं पटलं. दुसरा मुद्दा सोळा आणे खरा. पण आकड्यावर इतका राग नको.

नोव्हेंबर महिन्यात पन्नास हजार शब्द लिहायचे, असा एक उपक्रम अमेरिकेत १९९९मध्ये सुरू झाला आणि जगभर पसरला. रोजचे १६६७ शब्द. तो चालवणारी संस्था २०२५मध्ये बंद झाली, पण लोक आपापले अजून लिहितात. आम्ही काही मित्रमैत्रिणींनी तो मराठीत केला तेव्हा लक्षात आलं की इंग्रजीचा आकडा जसाच्या तसा उचलू नये. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच प्रसंग मराठीत कमी शब्दांत बसतो. चाळीस हजारांत आमचं तेवढंच लिखाण होत होतं. घणसोलीकर, तुमचे ऐंशी हजार इंग्रजी कादंबऱ्यांवरून आले असतील तर पुन्हा मोजा.

त्या महिन्यात लिहिलेलं बहुतेक मी टाकून दिलं. पण तोवर मी प्रत्येक कथेचं पहिलं पान घोटत बसायचो, शेवटपर्यंत कधी जातच नव्हतो. शेवट लिहिल्याशिवाय सुरुवात कशी हवी ते कळत नाही, हे मला त्या आकड्याने शिकवलं.

निवडुंग
शनिवार, दुपारी १२.३२

ज्याचं पहिलं पान संपत नाही त्याला आकडा औषध आहे, हे मान्य. घणसोलीकरांची ती अडचण आहे का ते त्यांनाच विचारू. त्यांच्या इथल्या कथा मी वाचल्यात, त्या पूर्ण आहेत आणि चांगल्या आहेत.

आगरी_बाणा
शनिवार, दुपारी १.५०

दादा, आधी मनापासून आभार. आपल्यातला कुणी हे लिहितोय हे वाचून बरं वाटलं.

माझं गाव उरणकडचं. दुसरी कादंबरी जासईची म्हणताय, तर एक सांगतो. तुमच्याकडची बोली आणि आमच्याकडची बोली एक नाही. तुम्ही आजीच्या बोलण्यावरून आमच्या माणसांचे संवाद लिहिलेत तर आमच्याकडची म्हातारी पहिल्याच पानावर ओळखेल की हा पाहुणा आहे. त्यासाठी इथे येऊन बसावं लागेल, नुसतं ऐकत. उरण लोकल २०२४च्या जानेवारीत सुरू झाली, आता नेरुळहून येणं सोपं झालंय.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ला पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, हे सगळ्यांना पाठ आहे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन त्यातून मिळाली हेही सगळे सांगतील. पण कादंबरीला जे लागतं ते भाषणात नसतं. त्या दिवशी घरात काय शिजलं होतं, बायका मोर्चात पुढे होत्या तेव्हा तान्ही पोरं कुणाकडे ठेवली होती, संध्याकाळी गावात कोण कुणाला शोधत फिरत होतं. माझे मोठे काका तेव्हा विशीत होते. ते सांगतात, पण एका दमात सांगत नाहीत. एका बैठकीत मिठागराबद्दल बोलतील, पुढच्या वेळी आंदोलनाबद्दल, आणि तिसऱ्या वेळी आधी सांगितलेलं स्वतःच दुरुस्त करतील. ती माणसं आज सत्तरीत आणि ऐंशीत आहेत. तुम्ही पहिली कादंबरी संपवून मग दुसरीकडे वळणार असाल तर तोवर त्यातली किती भेटतील?

म्हणून माझ्या मते लिहिण्याचा क्रम काहीही ठेवा, ऐकायचं काम मात्र आत्ताच करा. दर १६ जानेवारीला जासईला हुतात्म्यांना अभिवादन असतं, तेव्हा या. आणि ध्येयात शब्दांच्या आधी हे तास मोजा.

घणसोलीकर
शनिवार, दुपारी ३.२०

आगरी_बाणा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बोलीचं तर अगदी खरं. ठिकाणाचा, वर्षांचा अभ्यास करत होतो, माणसांचा राहिलाच होता. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निवडुंग, पहिल्या पानाशी मी अडकत नाही. माझं दुखणं मध्यावर सुरू होतं. आठ-दहा प्रकरणं झाली की ऑफिसात सॉफ्टवेअरचं एखादं रिलीज येतं, तीन आठवडे काही होत नाही, आणि परत बसलो की त्या माणसांचे आवाज ऐकू येत नाहीत. राजीनामा हवाय तो त्यासाठी.

वाशीखाडी
शनिवार, दुपारी ४.००

दूरचं उदाहरण आहे, पण तुमच्या प्रश्नाला लागू पडतं. अँथनी ट्रोलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात अधिकारी होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. त्याला उठवण्यासाठी नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा. ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहिली १८४७मध्ये आली आणि टपाल खातं त्याने १८६७मध्ये सोडलं. नाव झाल्यावरही नोकरी चालूच होती.

लिहायला बसताना तो आधी आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचा, अर्धा तास. आवाज परत ऐकू यायला तुम्हाला हेच करून बघता येईल.

कोपरीची_कन्या
शनिवार, सायंकाळी ६.४५

ट्रोलपला उठवणाऱ्या नोकराचा उल्लेख झाला ते बरं झालं, कारण मला त्याच बाजूने बोलायचंय.

माझा नवरा लिहितो. नोकरी सांभाळून त्याने कादंबरी पूर्ण केली आणि ती उत्तम आहे, हे मी बायको म्हणून बोलत नाही, वाचक म्हणून बोलते. रात्री साडेनऊ ते साडेअकरा हे त्याचे लिहायचे तास होते. दार लावून आत. त्या दोन तासांत ओटा आवरायचा असायचा, मुलाची वही बघायची असायची, दूध विरजायचं, सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायच्या, सकाळच्या डब्याची भाजी निवडायची. हे कुणी कुणाला वाटून दिलं नव्हतं. तो आत गेला की माझ्याकडे आलं. पुस्तक आलं तेव्हा ऋणनिर्देशात माझं नाव पहिलं होतं. छान वाटलं. पण त्याच काळात माझं गाणं सुटलं, आणि ते सुटलंय हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग एका रात्री आम्ही नीट बोललो. आता मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळ माझी. मी राम मारुती रोडला बाईंकडे शिकायला जाते, तो घरचं बघतो, आणि त्या दिवशी तो लिहीत नाही. त्याची दुसरी कादंबरी हळू चाललीय. तरीही ती चाललीय, आणि माझा यमनही.

घणसोलीकर, तुमच्या धाग्यात बायको एका वाक्यात येऊन गेली. तुम्ही पगार सोडाल तेव्हा घर तिच्या पगारावर चालेल. दोन वर्षं रोज तुम्ही लिहायला बसाल तेव्हा पहिलीतल्या मुलीचा अभ्यास कोण घेणार? ध्येय तुमचं आहे, पण त्यातले निम्मे तास तिच्या खात्यातून जाणार आहेत. तिला हा धागा दाखवलात का?

हिशेबनीस
शनिवार, सायंकाळी ६.५८

+१. माझ्या यादीत ही अट पहिली असायला हवी होती.

सानपाडा_सेक्टर_५
शनिवार, रात्री ८.३०

अवांतर: आगरी_बाणा, तुमच्याकडे खाडीतला जिताडा अजून मिळतो का? आमच्या बाजारात विचारलं की भलताच मासा जिताडा म्हणून पुढे करतात.

आगरी_बाणा
शनिवार, रात्री ८.४१

मिळतो, पण पूर्वीसारखा नाही. भराव पडले, खाडीचं तोंड बदललं. चिखलातल्या निवट्या तर आता शोधाव्या लागतात. घणसोलीकर दादा, हेही लिहा. मासा कमी झाला हे म्हातारी माणसं तारखांनी सांगत नाहीत, कोणत्या बांधाच्या वेळी काय मिळायचं बंद झालं त्याने सांगतात.

सानपाडा_सेक्टर_५
शनिवार, रात्री ८.४५

आता परत विषयाकडे जातो, नाहीतर संपादक मंडळ मला पाककृती विभागात हलवेल. १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड. आगरी समाज, खाड्या, मीठ पिकवण्याची पद्धत, सगळं आहे. साहेबाच्या नजरेतून आहे, ते ध्यानात ठेवून वाचायचं.

मालिकावाली
रविवार, पहाटे १.१५

आत्ता काम संपलं, म्हणून या वेळेला. मी पूर्णवेळ लेखक आहे. लेखनावर घर चालतं, ठाण्यात भाड्याने राहते, घोडबंदर रोडच्या सेटवर माझे संवाद बोलले जातात. म्हणजे तुम्ही जे शोधताय ते एका अर्थी माझ्याकडे आहे.

रोजच्या मालिकेला रोजचा भाग लागतो. सकाळी वाहिनीकडून फोन येतो की कालचा ट्रॅक बदला, दुपारपर्यंत संवाद हवेत, कलाकार मेकअप करून बसलेत. या कामाने मला खूप दिलं. माणूस तोंड उघडतो तेव्हा त्याला नेमकं काय हवं असतं हे मी इथे शिकले, आणि वेळेवर लिहायची भीती कायमची गेली. मी या कामाला कमी लेखत नाही. पण दिवसभर दुसऱ्यांच्या पात्रांना बोलतं केल्यावर रात्री माझ्या कादंबरीतल्या बाईपाशी बसले की ती गप्प असते. नोकरी करत होते तेव्हा माझी कादंबरी जास्त पुढे सरकत होती. हिशेब लिहिताना मन मोकळं राहायचं.

म्हणून विचारते, पूर्णवेळ लेखक व्हायचंय की ही कादंबरी लिहायचीय? लेखनावर पोट भरायचं ठरवलंत की मालिका, श्राव्य कथा, जाहिराती, दुसऱ्याची आत्मचरित्रं, जे येईल ते घ्यावं लागतं. तुमचे मधले तीन आठवडे आज रिलीज खातं, उद्या असलंच दुसरं काम खाईल. तुम्हाला मध्यावर सलग वेळ हवाय ना? मग राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मागून बघा. पहिला खर्डा मध्यावर आला की दोन महिने.

पारसिक
रविवार, सकाळी ८.२०

हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तर्जुमा
रविवार, सकाळी ९.३५

पुढच्या टप्प्याचं आत्ताच सांगून ठेवते, कारण हस्तलिखित स्वीकारल्याच्या आनंदात कुणी करार वाचत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७चा. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी हवं, त्यात कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि मानधन किती हे हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. छापील पुस्तक, ईबुक, श्राव्य, अनुवाद, चित्रपट-मालिका हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. 'सर्व हक्क' असं एका ओळीत असेल तर पेन खाली ठेवा आणि त्यांना ती ओळ फोडून लिहायला सांगा. तुमच्या विषयाला श्राव्य माध्यमात मागणी येऊ शकते, तो हक्क छापणाऱ्याकडे नुसता पडून राहायला नको.

दुसरं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ज्यांचं पुस्तक आलेलं नाही त्यांच्या पहिल्या पुस्तकासाठी आहे, कादंबरी त्यात बसते. स्वतः छापायची वेळ आली तर आयएसबीएन भारतात सरकारकडून विनाशुल्क मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

मुद्रितशोधक_नौपाडा
रविवार, सकाळी १०.०५

तर्जुमाताईंनी लाखाचं सांगितलं. त्याला जोड म्हणून, त्रयीतलं पहिलं पुस्तक देताना पुढच्या दोन्ही पुस्तकांवर प्रकाशकाचा पहिला हक्क, असं कलम असेल तर ते मुदतीशिवाय मान्य करू नका.

आणि एक सुचवतो. बाहेरची तारीख हवी असेल तर दिवाळी अंक आहेत. १९०९ला 'मनोरंजन' मासिकाने पहिला काढला तेव्हापासून मराठी लेखक या तारखेला लिहीत आलाय. संपादक जुलै-ऑगस्टच्या सुमारास साहित्य मागतात. कादंबरीतलं एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहतं का ते बघा आणि पाठवा. परत आलं तरी तेवढं प्रकरण तयार होतं.

निवडुंग
रविवार, सकाळी १०.४०

प्रकरण कापून कथा करायला माझा विरोध. कादंबरीतला श्वास लांब असतो, कथेसाठी तो आखडता घेतला की परत लांब करता येत नाही. काका, रागावू नका.

मुद्रितशोधक_नौपाडा
रविवार, सकाळी १०.४८

रागावत नाही. मुद्रितशोधकावर आयुष्यभर लेखक रागावलेत, मला तिकडून सवय आहे.

घणसोलीकर
रविवार, रात्री ९.५०

सगळे प्रतिसाद दोघांनी मिळून वाचले. बायको आणि मी. कोपरीची_कन्या, तुमचा तिने दोनदा वाचला आणि मला म्हणाली, 'यांचा यमन तरी परत आला.' तिचं बी.एड.नंतर एम.ए. करायचं राहिलंय, हे मला माहीत होतं. पण त्या दोन वर्षांच्या आखणीत मी ते कुठेच धरलं नव्हतं. तिने आणखी एक विचारलं: तिसरीचा खर्डा झाल्यावर राजीनामा देणार, तेव्हा पहिल्या दोन कपाटातच असल्या तरी? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तर नवं ठरलं ते लिहितो. तीन कादंबऱ्या लिहिणारच, ते ध्येय लहान करत नाही. त्यासाठी मी दोन वर्षांची मुदत काढून टाकतोय. पहिली कादंबरी दोन वर्षांत प्रकाशकाच्या हातात, दोन खर्डे करून. रोजचे शब्द मोजणार नाही, आठवड्याचे दहा तास मोजणार: सोमवार ते गुरुवार पहाटे दीड तास आणि रविवारी सकाळी चार. शुक्रवार-शनिवार तिचे. पहाटे घरात कुणाच्या वाट्याला माझं काम येत नाही, शाळेच्या डब्याआधी मी उठलेला असेन आणि डबा मीच भरेन. तिन्ही कादंबऱ्यांसाठी म्हाताऱ्या माणसांना ऐकायचं काम आत्तापासून, महिन्यातून एका शनिवारी, तेव्हा मुलगीही बरोबर. दोन महिन्यांच्या बिनपगारी रजेचं मॅनेजरशी बोलेन. राजीनाम्याच्या अटी हिशेबनीसांनी लिहिल्यात तशा वहीत उतरवल्यात, त्यावर दोघांच्या सह्या आहेत. आईच्या विम्याची चौकशी उद्या.

हिशेबनीस
रविवार, रात्री १०.०२

दहा तास गुणिले ५२ म्हणजे वर्षाला ५२० तास. आजारपणं, गणपती, शिमगा, लग्नसराई वजा करून ४०० धरा. दोन खर्ड्यांना पुरतील.

निवडुंग
रविवार, रात्री १०.१०

तास मोजायला माझी हरकत नाही. बसणं आपल्या हातात असतं. त्रयीच्या घोषणेला मात्र आहे, पण पहिली वाचून मग भांडू.

आगरी_बाणा
रविवार, रात्री १०.३०

दादा, काकांशी बोललो. येत्या शनिवारी या म्हणतात. वहिनी आणि पोरगी दोघींना घेऊन या, जेवण आमच्याकडे. पहिल्या दिवशी रेकॉर्डिंग नको, ते समोर फोन दिसला की भाषण सुरू करतात. मिठागराबद्दल विचारा, बाकीचं ते स्वतःच काढतील.

कळव्याची_वैदेही
रविवार, रात्री १०.३६

जेवणात जिताडा असेल तर सानपाड्याहून आणखी एक पाहुणा येईल, ताट वाढवून ठेवा.

आगरी_बाणा
रविवार, रात्री १०.४१

सगळे या. फक्त शुक्रवारपर्यंत आकडा कळवा, मासा आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. आणि दादा, पहिलं प्रकरण असेल तर छापून आणा. काका स्वतः वाचणार नाहीत, पण वाचून दाखवलं तर चुका काढतील.